ओल्या भिंतीचं घर

ड्रोहेडा (आयर्लंड), १३ सप्टेंबर २०२०

ती. विलासमामांना शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून तुम्ही चिडणार आहात, म्हणून मामींना आधी चहा टाकायला सांगा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि करोनाने विमानं बंद असल्यामुळे टपालाचा भरवसा नाही, तेव्हा नेहमीसारखं हाताने लिहून त्याचा फोटो मामींच्या फोनवर पाठवतेय.

मी घर बघितलंय. जुन्या वेशीच्या आत, नदीकडे उतरणाऱ्या अरुंद गल्लीत. अकरा दगडी घरं, भिंतीला भिंत लागून, दोनशे वर्षांपूर्वीची. शेजारी कुणी शिंकलं तर घरात बसून 'ब्लेस यू' म्हणता येतं. हॉस्पिटल गाडीने सात मिनिटं, इशिताची शाळा चालत पाच. मालकीणबाई नोरीन शहात्तर वर्षांच्या आहेत आणि शेजारच्याच घरात राहतात. हे घर त्यांच्या वारलेल्या भावाचं.

खोट एकच. मागची भिंत ओली आहे. कुबट वास येतो, रंगाचे पोपडे निघतात. आधीची दोन गिऱ्हाइकं त्यामुळेच पळाली. भिंत कोरडी असल्याचा इंजिनिअरचा दाखला मिळाल्याशिवाय बँक मला कर्ज देणार नाही. इकडे आमचे घरमालक पुढच्या ऑगस्टात ही जागा विकणार आहेत. म्हणजे आठ वर्षांत पाचवं बिऱ्हाड! नऊ वर्षांच्या इशिताने आता तिसरी शाळा बघायची, हे मला सहन होत नाही. मामा, मला हे घर हवंय. भिंतीचा फोटो सोबत आहे.

रागावलात तरी उत्तर लिहाच.

तुमची,
देवयानी

---

कराड, १६ सप्टेंबर २०२०

चि. देवयानीस अनेक आशीर्वाद.

चहा प्यालो. मग चिडलो. एवढी डॉक्टर झालीस आणि भाळलीस ती पडक्या घरावर? नवीन फ्लॅट घे, लिफ्टचा, मोठ्या खिडक्यांचा. बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं ओव्हरसिअर होतो, ओल म्हणजे काय ते मला विचार. पोरीला वर्षभर खोकला लागेल. तुझी आई असती तर तिने तुझे नाही, माझे कान उपटले असते.

इकडे सर्व ठीक. तुझी मामी भाजीसुद्धा साबणाने धुते आहे, त्यामुळे मेथीला फेस येतो.

लोभ आहे, पण या घरावर नाही.

विलासमामा

ता. क. फोटो भिंगातून पाहिला. वर दगड आणि खाली छातीपर्यंत गुळगुळीत करडा गिलावा. तो सिमेंटचा आहे का? कुणी केला, कधी? बाहेरूनही आहे का? बोटाच्या पेराने ठोकून आवाज कसा येतो ते कळव. घर घेऊ नकोसच, पण हे कळव.

---

ड्रोहेडा, २७ सप्टेंबर २०२०

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही अडकलात! ठोकल्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय, मामींना ऐकायला सांगा.

नोरीन म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी ही भिंत कधी ओली नव्हती. जुना गिलावा भुगा होऊन पडायला लागला म्हणून नऊ वर्षांपूर्वी भावाने कुणाच्या तरी सल्ल्याने आतबाहेर सिमेंट लावलं. ओल त्यानंतरची. आता एक ओलवाला सांगतोय की भिंतीला भोकं पाडून औषध भरायचं आणि वरून पुन्हा सिमेंट. मी तुमच्याबद्दल सांगितल्यावर नोरीनबाईंनी विचारलं, की इंडियातला युअर मॅन फोटो बघून भिंत दुरुस्त करणार का. इथे कुणाही पुरुषाला युअर मॅन म्हणतात, मामींनी मनाला लावून घेऊ नये.

इशिताला मी घराचं पक्कं नाही असं सांगितलं. 'इट्स ग्रँड, मॅम' म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल, आई', आणि पुस्तकांची खोकी अजून उघडू नकोस असंही. मला रडू आलं.

उत्तराची वाट पाहते.

देवयानी

---

कराड, २ ऑक्टोबर २०२०

चि. देवयानीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामीने तो आवाज सात वेळा ऐकला. तिचं म्हणणं, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा बद बद येतो. म्हणजे सिमेंट दगडापासून सुटलंय आणि मागे पाणी कोंडलंय.

नीट वाच. ती भिंत चुन्यात बांधलेली आहे. असली भिंत पावसात पाणी पिते आणि उघडीप मिळाली की सोडते. आतबाहेर सिमेंट फासलं की पाणी भेगांतून आत जातं, पण बाहेर पडत नाही. औषध भरून काही होणार नाही. सगळं सिमेंट काढा. छिन्नी तिरपी धरायची, दगड दुखावता कामा नये. सांध्यांतला चुना राहू द्या. खिडकी उघडी ठेवा, शेगडी लावून सुकवू नका. मग थांबा. सहा महिने, आठ महिने. घाई करणार असशील तर भिंतीला हातच लावू नकोस.

हे मी १९९१ साली एका जुन्या धर्मशाळेच्या दुरुस्तीत साहेबांना सांगितलं होतं. त्यांनी सिमेंटच लावलं आणि माझी बदली केली. तीन पावसाळ्यांत ती भिंत फुगून पडली. मला आजही त्याचा राग येतो.

तेव्हा ही भिंत सुकलीच पाहिजे.

विलासमामा

---

ड्रोहेडा, १४ फेब्रुवारी २०२१

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

नोरीनबाईंच्या परवानगीने ऑक्टोबरात सिमेंट काढलं, ते तुम्हाला कळवलंच होतं. चार महिने झाले, भिंत अजून ओली. त्यात आता दगडांवर पांढरी बुरशी फुलली आहे. लॉकडाऊनमुळे दाखल्यासाठी इंजिनिअर येत नाही, आणि आमच्या वॉर्डात एकही खाट रिकामी नाही. थकलेय, मामा.

वर एजंटने रोख पैसे देणारं गिऱ्हाईक आणलंय. त्याला बँकेचा दाखला लागत नाही. पुन्हा सिमेंट मारून तो खोल्या भाड्याने देणार आहे. नोरीनबाई ईस्टरपर्यंत ठरवणार. त्यांना तरी किती थांबवू? घर हातचं जाणार असं वाटतंय.

मामींची काळजी घ्या.

देवयानी

---

कराड, १५ फेब्रुवारी २०२१

चि. देवयानीस आशीर्वाद.

ती बुरशी नव्हे, क्षार आहेत! पाणी बाहेर पडताना क्षार दगडावर सोडून जातं. भिंत सुकते आहे, वेडे! कोरड्या ब्रशने झाड, पाणी लावू नकोस.

आणि ओल जिथे संपते तिथे दर रविवारी खडूने रेघ ओढून तारीख घाल. मालकीणबाईंना तुझं माझं म्हणणं सांगू नकोस. रेघा दाखव.

धीर सोडायचा नाही, हा हुकूम समज.

विलासमामा

---

ड्रोहेडा, २७ जून २०२१

ती. मामा आणि मामींना शि. सा. न. वि. वि.

मामा, घर माझं झालं! काल किल्ल्या मिळाल्या!

आता सगळं क्रमाने सांगते. ईस्टरच्या आदल्या दिवशी नोरीनबाईंना भिंतीपाशी नेलं. सहा रविवारच्या सहा रेघा, प्रत्येक आधीच्यापेक्षा खाली. त्यांनी वरच्या रेघेवर तळहात ठेवला, मग खालच्या. म्हणाल्या की भावाने सिमेंट लावल्यापासून ही भिंत त्यांना कोरडी लागली नव्हती. तिथूनच एजंटला फोन करून रोखवाल्याला नको म्हणून सांगितलं. मी त्यांना मिठी मारायला निघाले आणि दोन मीटरवर थांबले. त्या म्हणाल्या, लस घेतलीय, ये.

मे महिन्यात जुन्या इमारतींच्या जाणकार इंजिनिअरबाई आल्या. यंत्र लावून भिंत तपासली, खालून वरपर्यंत. सिमेंट काढायचा सल्ला कुणाचा, असं विचारलं. मी तुमचं ऑक्टोबरचं पत्र काढून इंग्रजीत सांगत गेले, त्या लिहून घेत गेल्या. दाखल्याच्या दुसऱ्या पानावर छापलंय की हे काम श्री. विलास पोतनीस, निवृत्त ओव्हरसिअर, कराड यांच्या सूचनेनुसार झालं आणि ते संपूर्णपणे योग्य आहे. बँकेने तेच पान वाचून कर्ज मंजूर केलं. फोटो पाठवतेय, भिंग घ्या.

इशिताने आल्या आल्या पुस्तकांची सगळी खोकी फोडली. आपण इथे किती वर्षं राहायचं, असं विचारत होती. मी म्हटलं, तुला कंटाळा येईपर्यंत.

गल्लीतल्या चार घरांना तसलंच सिमेंट आहे. नोरीनबाई प्रत्येकाला सांगत फिरतात की आधी युअर मॅनला विचारा. तयारी ठेवा!

तुमची, आणि आता या गल्लीचीही,
देवयानी

---

कराड, ५ जुलै २०२१

चि. देवयानीस व चि. इशितास पोटभर आशीर्वाद.

दुसरं पान मामीने मोठ्याने वाचलं. ऐकू आलं नाही म्हणून मी स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. छत्तीस वर्षांत कुठल्याही सरकारी कागदावर माझ्या नावापुढे 'योग्य' असं कुणी लिहिलं नव्हतं. मला रडू आलं, ते लपवत नाही. मामीने त्या पानाची प्रत काढून आणली आणि गल्लीत बासुंदी वाटली. दुसरी लस झाली आहे, काळजी नसावी.

भिंतीला आता चुन्याचाच गिलावा कर, पातळ, तीन हातांत. चार शेजाऱ्यांचे फोटो पाठव, पण उजेडात काढलेले.

हे पत्र मात्र टपालाने पाठवतो आहे, उशिरा पोचलं तरी चालेल. तू परदेशी गेल्यापासून माझ्या डायरीत तुझा पत्ता पेन्सिलीने लिहीत आलो. दर दीड-दोन वर्षांनी खोडावा लागे. त्या जागी कागद इतका झिजलाय की पलीकडचं दिसतं. आज तुझ्यासाठी नवं पान घेतलं आणि पत्ता शाईने लिहिला.

विलासमामा