पिंपळाच्या पानांची वाटणी

मी, यादवराव सुखदेव गणवीर, वय वर्षे एकोणसत्तर, मूळचा नागपूरचा, सव्वीस वर्षांपासून सिंगापूरचा रहिवासी आणि त्यातली एकोणीस वर्षे नागरिक, जहाजदुरुस्ती यार्डातला निवृत्त इंजिनिअर, राहणार हौगांग, रांगेतल्या दुमजली घरांपैकी क्रमांक ४१, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकाला किंवा लाडीगोडीला न भुलता हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझं डोकं शाबूत आहे. हृदयाची खात्री देता येत नाही. ते येत्या गुरुवारी डॉक्टर उघडून बघणार आहेत, म्हणून ही घाई.

हे मृत्युपत्र मी मराठीत लिहितो. इंग्रजीत मी आयुष्यभर फक्त रिपोर्ट आणि तक्रारी लिहिल्या. सोबत माझी मुलगी प्रियदर्शिनी हिने केलेलं इंग्रजी भाषांतर जोडलं आहे. तिने त्यातली माझी काही विशेषणं गाळली आहेत असा माझा संशय आहे, पण आता तिच्याशी वाद घालायला वेळ नाही.

कलम १. यापूर्वी सन २००२ मध्ये केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. ते रागाच्या भरात केलं होतं. चार पानांपैकी अडीच पानं शेजारच्या क्रमांक ४३ मधल्या गृहस्थाबद्दल होती. माझ्या वकील मिस पिल्लै यांनी तेव्हाच चष्मा काढून मला सांगितलं होतं, "मिस्टर गणवीर, हे मृत्युपत्र नाही, ही तक्रार आहे." मी ऐकलं नाही. आज ऐकतो.

कलम २. राहतं घर, आतल्या सामानासह, प्रियदर्शिनीला द्यावं. ती नवऱ्यासह वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहते आणि दर रविवारी बस आणि एमआरटी करून माझ्यासाठी डबा आणते. मुलगा उज्ज्वल मेलबर्नला असतो. त्याला शिक्षण दिलं, तिथल्या घराला हातभार लावला, आता त्याने घराकडे बघू नये. हे त्याला फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फेअर इनफ, बाबा." माझ्या मुलाचं हे एवढं एकच वाक्य मला पहिल्या फटक्यात पटलं आहे.

कलम ३. सीपीएफचे, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचे, पैसे नामनिर्देशनाप्रमाणे जातील, त्यात मृत्युपत्राने ढवळाढवळ करता येत नाही असं मिस पिल्लै सांगतात. बँकेत जे उरेल ते दोन्ही मुलांनी सारखं वाटून घ्यावं. भांडू नये. भांडायचा मक्ता या घरात माझ्याकडे होता आणि तो मी कोणाला देत नाही.

कलम ४. माझी हत्यारं, म्हणजे पान्यांचा पूर्ण संच, दोन टॉर्क रेंच आणि मायक्रोमीटर, माझे यार्डातले मित्र निशिकांत यांना मी आधीच देऊन टाकली आहेत, ती वाटणीत धरू नयेत. ते चोआ चू कांगला राहतात आणि त्यांच्या घरात एकही नळ सरळ बसलेला नाही. डेसिबल मोजायचं यंत्रही त्यांनाच दिलं आहे, मात्र एका अटीवर. ते त्यांनी शेजाऱ्यावर कधीही रोखू नये. ही अट का, ते पुढे येतं.

कलम ५. आमच्या मराठी बौद्ध मंडळातल्या पद्माकर यांनी १९९८ च्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात अडीच तास भाषण केलं, आणि जेवण थंड झाल्याचा दोष स्वयंपाकाला दिला. स्वयंपाक माझ्या पत्नीने, कै. ललिताने केला होता. पद्माकर यांना मी काहीही देत नाही. माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांना बोलायला पाच मिनिटं द्यावीत आणि निशिकांतने घड्याळ घेऊन समोर बसावं.

कलम ६. आता क्रमांक ४३.

सन १९९२ मध्ये आमच्या मागच्या गटाराच्या फटीत एक रोप उगवलं. या गावात पिंपळ कुठेही उगवतो, पाखरं बी टाकतात आणि नगरपालिकेची माणसं उपटतात. ललिताने ते पाहिलं आणि हात जोडले. मी इंजिनिअर माणूस. मुळं किती पसरतात, भिंतीला काय होतं, हे मला दुसऱ्या कोणापेक्षाही जास्त ठाऊक असायला हवं होतं. पण वेसाकच्या, म्हणजे बुद्ध पौर्णिमेच्या, सुट्टीच्या दिवशी आम्ही नऊ मराठी बौद्ध कुटुंबं पांढरे कपडे घालून जमलो, त्रिसरण-पंचशील झालं, आणि मी स्वतः कुदळ घेऊन तो पिंपळ आठ फूट रुंद बागेत, शेजाऱ्याच्या कुंपणापासून दोन हातांवर लावला. निशिकांतने टाळ्या वाजवल्या. दोन डिग्र्यांचे दोन इंजिनिअर, आणि एकालाही सुचलं नाही की हे झाड मोठं होणार.

ते मोठं झालं. अर्ध्याहून जास्त फांद्या क्वेकसाहेबांच्या बागेवर गेल्या. ऑगस्टिन क्वेक, बंदरातले निवृत्त कारकून, दर रविवारी चर्चला जाणारे तिओच्यू चिनी ख्रिश्चन. त्यांच्या अंगणात रोज पिंपळाच्या पानांचा सडा. त्यांचं गटार तुंबलं, मग भिंतीला तडा गेला. त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा सांगितलं की हे पवित्र झाड आहे. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत. २००१ मध्ये त्यांनी पाठीवर लटकवायचा पेट्रोलचा लीफ ब्लोअर आणला.

रोज सकाळी सव्वासात. नेमकी माझी ध्यानाला बसायची वेळ. हा गृहस्थ कानांवर लाल रंगाचे संरक्षक कप चढवायचा, दोरी खेचायचा, आणि सगळी पानं फरफटत माझ्या कुंपणाखालून माझ्या बागेत परत पाठवायचा. मी श्वास मोजायचो ते सोडून डेसिबल मोजायला लागलो. कुंपणापाशी चौऱ्याण्णव. माझ्या आसनापाशी एक्क्याऐंशी. मैत्रीभावना करायला बसलो की शेवटी "सर्व प्राणी सुखी होवोत, क्रमांक ४३ सोडून" एवढीच मनात उमटायची.

मी नगरपालिकेला पत्रं लिहिली. तक्ते जोडले, आलेख काढले. तीस पत्रं. शेवटी आम्हा दोघांना मध्यस्थीला बोलावलं. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पण मिस्टर गणवीर, ही पानं येतात कुठून?"

मी म्हणालो, "वाऱ्याने."

क्वेकसाहेब हसले नाहीत, हे मी आज त्यांच्या बाजूने नोंदवतो. घरी आल्यावर ललिता मात्र हसली आणि मग रागावली. रागावली की तिची नागपुरी बाहेर यायची. "पानं आपली, आन् बोंबलता तुमी? लाज वाटू द्या जराशी." मी म्हणालो, मग झाडच काढून टाकतो. तर ती म्हणाली, "तुमच्या हातानं थे झाड तोडाचं नाही. सांगून ठेवते." मी कबूल केलं. बायकोला दिलेला शब्द कायद्यापेक्षा वरचा असतो, निदान आमच्या घरात.

२००४ च्या जानेवारीत ललिता अंथरुणाला खिळली. खालच्या मागच्या खोलीत, झाडाच्या बाजूला तिचा पलंग टाकला होता. आणि फेब्रुवारीपासून ब्लोअर बंद झाला. एकदम बंद. एकतिसावं पत्र जानेवारीत गेलं होतं. मी समजलो, जिंकलो. निशिकांतला फोन करून सांगितलं, मंडळाच्या सभेत सांगितलं, तक्ते कसे जोडायचे यावर दोघाचौघांना उपदेशही केला. ललिताला सांगायला गेलो तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, दुखत असेल.

ललिता जून महिन्यात गेली. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासाताला ब्लोअर पुन्हा सुरू झाला. मी त्याच दिवशी बत्तिसावं पत्र लिहिलं. त्यात "पाच महिने नियम पाळूनही पुन्हा उल्लंघन" असे शब्द होते.

गेल्या महिन्यात प्रियदर्शिनी डबा घेऊन आली तेव्हा फाटकाशी मिसेस क्वेक भेटल्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "युवर मम्मी सिक दॅट टाइम, माय हजबंड स्वीप बाय हँड, एव्हरी डे. हिज बॅक पेन अंटिल नाउ, यू नो." पाच महिने. नारळाच्या हिराच्या झाडूने, वाकून, पहाटे उठून, म्हणजे मला दिसू नये. ललिताला खिडकीतून दिसत होतं. तिने मला सांगितलं नाही, आणि बरंच केलं. सांगितलं असतं तर मी त्याचेही डेसिबल मोजले असते.

मला हे लिहिताना लाज वाटते आहे. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. महिनाभर रोज कुंपणापाशी जातो, घसा खाकरतो, आणि गटाराबद्दल काहीतरी बोलून परत येतो.

पत्रांची फाईल घरात ठेवू नये. जाळूही नये, धूर ४३ मध्ये जाईल. भोंगा वाजवत येणाऱ्या करांगगुनी रद्दीवाल्याला देऊन टाकावी. बत्तिसावं पत्र तिच्यात नाही, ते मी फाडलं.

कलम ७. पिंपळ तोडायचा नाही असं ललिताने मला सांगितलं, पण "तुमच्या हातानं" असं म्हणाली. ही पळवाट मी तीन वर्षं खिशात घेऊन फिरतो आहे. माझ्या हाताने मी तोडणार नाही. प्रियदर्शिनीला आईच्या झाडावर कुऱ्हाड चालवायला सांगण्याएवढा मी दगड नाही. उज्ज्वल म्हणतो, "बाबा, जस्ट कट इट लाह," पण त्याचं कापणं मेलबर्नहून.

सबब, बागेतला पिंपळ, त्याची फांदी न् फांदी, मुळं आणि पानं, मी श्री. ऑगस्टिन क्वेक यांना देतो. ठेवायचा, छाटायचा की मुळासकट काढायचा हे त्यांनी ठरवावं. काढायचा खर्च माझ्या पैशांतून व्हावा, आणि प्रियदर्शिनीने फाटक उघडून द्यावं, प्रश्न विचारू नये. त्यांच्या भिंतीचा तडा मी लावला, त्यांच्या पाठीचं दुखणंही मीच लावलं. ललिता रागावेल. ते मी तिचं तिथे बघून घेईन, अर्थात असं तिथे वगैरे काही असतं यावर माझा विश्वास नाही.

कलम ८. अंत्यविधी मंडाईच्या दहनगृहात, साध्या वंदनेने. माईक लावू नये.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रियदर्शिनीने करावी.

*सह्यांपूर्वी, त्याच बैठकीत, माझ्या हाताने लिहिलेली पुरवणी:*

साक्षीला निशिकांत आणि त्यांचे शेजारी असे दोघं येणार होते. शेजाऱ्यांना ताप आला, निशिकांत एकटेच आले. मिस पिल्लै कलमं वाचून दाखवू लागल्या आणि शेजारी ब्लोअर सुरू झाला. त्यांचा आवाज कोणालाच ऐकू येईना. मी उठून कुंपणापाशी गेलो आणि दोन्ही हात हलवले. क्वेकसाहेबांनी यंत्र बंद केलं, लाल कप गळ्यात ओढले आणि विचारलं, "व्हॉट नाउ, यादव?"

मी म्हणालो, मृत्युपत्र करतोय, गुरुवारी छाती फाडणार आहेत, एक साक्षीदार कमी आहे. ते बनियनवरच आत आले आणि खुर्ची ओढून बसले.

मिस पिल्लै यांनी त्यांना थांबवलं. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीची सही केली तर त्याची देणगी कायद्याने बाद होते. क्वेकसाहेब माझ्याकडे बघत राहिले. मग मलाच सांगावं लागलं. प्रियदर्शिनीने इंग्रजी भाषांतरातून कलम ६ आणि ७ मोठ्याने वाचली. मी टेबलाकडे बघत होतो. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "सॉरी, ऑगस्टिन." ब्लोअर आल्यापासूनच्या सहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

त्यांनी गळ्यातले लाल कप काढून टेबलावर ठेवले. मग मिस पिल्लैंना विचारलं, "आय साइन, देन ट्री हाउ?"

"मग झाड तुम्हाला मिळणार नाही. घराबरोबर मुलीकडे जाईल, जसं आहे तसं."

"कॅन नॉट कट?"

"तुम्हाला नाही."

त्यांनी पेन मागितलं. मिस पिल्लैंनी दुसऱ्यांदा बजावलं. मीही म्हणालो, ऑगस्टिन, नीट विचार करा, भिंत तुमची आहे. तर ते माझ्यावरच खेकसले, "ट्री बिकम माइन, लीफ ऑल्सो माइन. देन आय स्कोल्ड हू? यू गो ऑपरेशन, यू कम बॅक, आय स्कोल्ड यू. ओके लाह?"

मी ओके म्हणालो. माझा आवाज नीट निघाला नाही, तो कोणीही मोजू नये.

खालील सहीमुळे कलम ७ निकामी होईल हे मला समजलं आहे आणि मान्य आहे. पिंपळ आहे तिथेच राहील.

मृत्युपत्र करणार: यादवराव सुखदेव गणवीर (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी, एकाच टेबलाशी सही झाली:

साक्षीदार १: निशिकांत, चोआ चू कांग, मित्र (सही)

साक्षीदार २: ऑगस्टिन क्वेक, क्रमांक ४३, हौगांग, शेजारी (सही)

स्थळ: हौगांग, सिंगापूर

दिनांक: शनिवार, ८ सप्टेंबर २००७