गृहपाठातली कलाटणी

पूर्णगड,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय श्रद्धास,
अनेक आशीर्वाद.

तू आणि घरची सगळी खुशाल असाल. आई बरी आहे, काठी टेकत अंगणात फिरते. फोन असताना ताईला पत्र कशाला सुचलं, म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी कच खाते, म्हणून कागद.

बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, ते तुला ठाऊकच आहे. सासूबाई वाडीभर सांगतात, "आमची सून आता कलेक्टर व्हनार!" अतिशयोक्तीचं उदाहरण शोधायला मला घराबाहेर जावं लागत नाही. उपमा, रूपकही जमतं. अडतं ते कथेपाशी. कथाबीज, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, कलाटणी, निवेदक, एवढं सगळं एका गोष्टीत असतं हे मला कुठे माहीत!

शमिका मॅडम शनिवारी आम्हा बाहेरून बसणाऱ्यांना शिकवतात. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण वही तपासताना दयामाया नाही. त्यांनी गृहपाठ दिला: घरात घडलेली गोष्ट लिहा आणि तिच्यात हे घटक दाखवा. मी तुझी लिहिली.

काळ, २००५. तुला मुंबईला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर, बाबा जहाजावर. हा झाला संघर्ष. आई म्हणाली, देवीला कौल लावू. मी एकटी देवळात गेले. महिपत गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली. उजवं पडलं तर तू जायचं, डावं पडलं तर राहायचं. कलाटणी: डावं पडलं.

मॅडमनी लाल पेनाने लिहिलं, 'ही कलाटणी नव्हे, योगायोग. पात्राने काय केलं?'

मी भांडायलाच गेले. म्हटलं, "पात्र काय करणार? देवीनेच सांगितलं."

"पण ताई, घरातल्यांपैकी फूल पडताना पाहिलं कुणी? एकट्या निवेदकाने. मग वाचकाने तिच्यावर विश्वास का ठेवायचा?"

शिकवायच्या ओघात सहज म्हणाल्या त्या. चार दिवस वही उघडली नाही.

यंदा मोहर बरा आहे. सखूवहिनींच्या कलमांवर तुडतुडा आलाय म्हणे, आपल्याकडे अजून नाही. बघ, पुन्हा टाळते आहे.

श्रद्धा, फूल उजवं पडलं होतं.

"जाव दे पोरीला," असं महिपतकाका म्हणालेसुद्धा. मी मान हलवली, घरी आले आणि डावं म्हणून सांगितलं. आईच्या आजारपणात माझं लग्न एकदा पुढे गेलं होतं. तू गेलीस तर तीन वर्षं मी अडकणार आणि मुलाकडचे थांबणार नाहीत, ही धास्ती होती. मार्गशीर्षात मी बोहल्यावर चढले. तू आईचं हगणं-मुतणं काढलंस, आणि आज देवरूखच्या दवाखान्यात केसपेपर लिहितेस.

वीस वर्षं तू देवीवर रुसलीस. शिमग्याला पालखी अंगणात आली की आत जाऊन बसतेस. माझ्यावर मात्र जीव टाकतेस, माझ्या फीचे पैसेही तूच पाठवलेस. ते मी घेत राहिले. खोटं बोलले त्याहून मला याची जास्त लाज वाटते.

आता ठरवलंय ते ऐक. गृहपाठ खोडून खरा लिहिला आणि मॅडमना दिला. पालखी येईल तेव्हा गाऱ्हाण्यात हे मी माझ्या तोंडाने सांगणार, सगळ्या वाडीसमोर. नवऱ्याला काल सांगितलं, तो जेवला नाही. तू बोलणं टाकलंस तरी यातलं अक्षर मी मागे घेणार नाही. माफी मागते, पण ती मिळावी म्हणून लिहीत नाही. देवीवरचा आळ माझ्या डोक्यावर यावा, एवढ्यासाठी लिहिते.

पाकीट बंद करायच्या आधी आईला हे वाचून दाखवलं. तिने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "महिपतान तवाच, आठ दिसांत, माला इचारलान, पोर कदी जातेय म्हनून."

म्हणजे आठ दिवसांतच तिला कळलं होतं. तेव्हा तुझी जागा गेली नव्हती.

"मग बोलली का नाहीस?"

"माला ती जवळ हवी व्हती गो." पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "खाली माजा पन नाव घाल."

घालते.

तुझ्या अपराधी,
गोदा
आणि आई