सगळं नॉर्मल आहे

५ जानेवारी, सोमवार
आज कामावर रुजू झालो. अंबडजवळची कॉलनी, दुसरा मजला. दोन खोल्या आणि काचा लावलेली गॅलरी, तिच्यात माझी खाट. समोर कारखान्यांची पत्र्याची छपरं. डोंगरातल्या पेठच्या आमच्या घरात जानेवारीत हाडं गोठतात, इथे सकाळी ऊन थेट पायांवर येतं. मजा आहे आपली.

ज्यांना सांभाळायचं ते जयराम बाबा, वय अडुसष्ट, एकतीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. त्यांना जयभीम केला तर म्हणाले, जयभीम, हात बघू. तळहात दाबून पाहिला आणि हसले, कॉलेजातला हात आहे म्हणाले. त्यांच्या बायको लताबाई. मुलगी प्रतिभाताई, शाळेत शिकवते. लताबाईंनी आल्या आल्या भाकरी-मेथी वाढली, कॉलेज का सोडलं हे विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मोहिनीबद्दल वर्गातला काळू वाकडं बोलला, मी त्याचं नाक फोडलं. प्रिन्सिपॉल माफी लिहून दे म्हणाले, मी नाही दिली. आणि जिच्यासाठी हे केलं ती सात महिने माझा फोन उचलत नाही. तिचं शेवटचं वाक्य: हिरामण, तुझ्या डोक्यात कायम चूल पेटलेली असते.

असू दे. आजही तिला एक फोन लावला.

७ जानेवारी
या घरातली कामाची रीत लिहून ठेवतो. बाबांना कॅन्सर आहे हे बाबा सोडून अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. म्हणून औषधाची बाटली आली की मी ती कोमट पाण्यात बुडवतो, लेबल सोलतो, मगच आत नेतो. गोळ्या पट्टीतून काढून च्यवनप्राशच्या डब्यात. त्या ‘शक्तीच्या’. फाइल तांदळाच्या पिंपात. पाहुणा आला की प्रतिभाताई त्याला जिन्यातच गाठते, रडायचं नाही, हसत आत जायचं. आज एक मावशी जिन्यात पोटभर रडली, पदराने तोंड पुसलं आणि खिदळत आत शिरली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

११ जानेवारी
रमी खेळताना बाबांनी पान लपवलं. मी पकडलं. त्यांनी मलाच चोर म्हटलं. हिऱ्या, डोंगरातून येऊन मला रमी शिकवतो का? मीही तापलो, आवाज चढला. लताबाई धावत आल्या, स्वयंपाकघरात नेऊन मला झापलं. पण त्या दुपारी बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

नंतर मला जवळ बोलावून म्हणाले, “ही बाई चाळीस वर्षं माझ्याशी भांडली. दिवाळीपासून एकदा नाही. मशीनचा आवाज बदलला की कारागिराला कळतं रे, बेअरिंग गेलंय.”

१४ जानेवारी
शेजारच्यांनी तिळगूळ दिला. बाबांनी डबा परत सरकवला. म्हणाले, या घरात आणखी गोड बोललात तर मुंग्या लागतील.

१९ जानेवारी
बाबांना हॉस्पिटलात मरायचं नाही. घरीच, या खाटेवर. एवढंच लताबाईंना सांगायचं आहे. पण विषय काढला की त्या हसतात, तुम्हाला काही झालेलं नाही म्हणतात. संपलं.

आज माझं मनगट धरून म्हणाले, “जिवंतपणी कोंडलंय रे मला. सगळे हसतात. मी रडू कुणाजवळ?”

माझं डोकं फिरलं आहे.

२२ जानेवारी
सांगून टाकलं. दुपारी. फाइल पिंपातून काढली, तांदूळ झटकले, मांडीवर ठेवली. आता फक्त त्रास कमी ठेवायचा, असं डॉक्टरांनी लिहिलंय, तेही वाचून दाखवलं. बाबांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. मग चहा मागितला आणि लताबाईंना हाक मारली. दार लावून दोघं दोन तास बोलत होती. आतून रडण्याचा आवाज आला, दोघांचाही.

२३ जानेवारी
मला हाकलतील म्हणून पिशवी भरून बसलो होतो. सकाळी आतून लताबाईंचा आवाज, म्हातारे झालात तरी चहा सांडता, चादर कोण धुणार, तुमचा बाप? बाबा मला डोळा मारत होते. मी असा आनंदी माणूस पाहिलेला नाही. लताबाईंनी माझी पिशवी रिकामी करून कपडे दोरीवर टाकले.

२६ जानेवारी
माझा खोकला जाईना. बाबांची ताकद कमी, त्यांच्याजवळच्या माणसाची तपासणी हवी, असं ताई म्हणाली. लॅबच्या माणसाने रक्त घेतलं. छातीचा फोटोही काढून आणला.

२९ जानेवारी
रिपोर्ट ताईच्या फोनवर आला. तिने वाचला, फोन पालथा ठेवला. सगळं नॉर्मल आहे, म्हणाली. हसली.

भातावर तूप. पाण्याची बादली लताबाईंनी माझ्या हातातून घेतली.

१ फेब्रुवारी
आईचा फोन. ती नेहमी शिवीनेच सुरुवात करते. आज म्हणाली, “लय काम नको करू. आराम कर, राजा.”

राजा? जन्मात कधी म्हणाली नाही. मागे कुणीतरी नाक ओढत होतं.

काळूचा मेसेज. भावा, झालं गेलं विसर.

त्याला कुणी सांगितलं? आणि काय?

३ फेब्रुवारी
लॅबमध्ये गेलो. नाव सांगितलं. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन पाहिला, मग मला. विचारलं, “सोबत घरचं कोणी आलंय का?”

मी म्हटलं, रिपोर्ट माझा आहे, मला द्या. ती आत गेली. फोनवर बोलली. बाहेर आली ती हसत. नॉर्मल आहे दादा, जा घरी. मी टेबलावर मूठ आपटली. कुणी रागावलं नाही. वॉचमनने पाणी आणून दिलं. पाठीवर हात ठेवला.

परत आलो तर ताई जिन्यात उभी. हसत.

५ फेब्रुवारी
मोहिनीचा फोन.

आठ महिन्यांनी. जेवलास का, म्हणाली. चूक माझीच होती, म्हणाली. याच फोनसाठी मी — मी म्हटलं, भांड. मोहिनी, शिव्या दे मला, ठेव फोन. ती म्हणाली नाही नाही, तू शांत हो. किती गोड आवाज —

तिलाही ताईनेच —

६ फेब्रुवारी
माझ्या उशाशी बाटली. ओली. लेबल नाही.

लताबाईंना विचारलं. शक्तीचं आहे, म्हणाल्या. फाइल शोधली. पिंपात नाही. कपाटात नाही. बाहेरच्या दाराला कुलूप. थंडी आहे ना बाहेर, म्हणतात. ओरडलो. खालच्या मजल्यावरचे आले. सगळे हसत उभे.

७ फेब्रुवारी
एकच माणूस उरला. बाबा. त्यांना माहीत आहे हे कसं असतं. ते सांगतील.

वॉकर घेऊन आलेत. खाटेवर बसलेत. मी लिहितोय, ते बघतायत. पत्ते पुढे केले, पान चोरा म्हटलं. चोरलं नाही. हिऱ्या म्हणा ना. चोर म्हणा. म्हणाले — चोर — पण इतक्या हळू, केसांवरून हात फिरवत —

विचारलं. बाबा, मला काय झालंय? मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही सांगा.

त्यांचे ओठ हलतायत. दारात लताबाई, ताई. बाबा त्यांच्याकडे बघतायत. परत माझ्याकडे. डोळे भरलेत. आता सांगतील. आता —

हसतायत. म्हणतायत, हिरामण, बाळा, तुला काही —