चायनीज भाजीवरचं ताट

बोरी अरब, तांडा
१२ जानेवारी २०२५

चि. पायल हिला सासूचा आशीर्वाद. जय सेवालाल.

आम्ही बरे आहोत. तुझ्या सासऱ्यांचा खोकला थांबला, कुरकुर थांबली नाही. तूर कापून झाली. फोनवर आपण दोघी नुसत्या रडत बसतो आणि बोलायचं राहून जातं, म्हणून हे पत्र.

आज मी तुझी चायनीज भाजी केली. पानकोबी, गाजर, शिमला मिरची, सगळं तुझ्यासारखं लांब लांब चिरलं. सोया सॉसची बाटली घेताना दुकानातला उत्तमसिंग विचारतो, "काकू, पाव्हणे आले काय?" म्हटलं, "नाही रे, मलेच खावं वाटलं."

तू नवी नवरी असताना पहिल्यांदा केलीस, ते आठवतं? बादलला दारव्ह्याच्या गाडीवरचं चायनीज खाऊन पोट बिघडवून घ्यायची हौस. तू म्हणालीस, घरीच करते. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या सारून हा एवढा जाळ केलास. तू मिरपूड शोधायला वळलीस आणि मी सवयीनं कढईवर ताट ठेवून त्यात पाणी ओतलं. आपली प्रत्येक भाजी तशीच शिजते. नव्या सुनेनं पहिल्याच खेपेला कच्ची भाजी वाढली, असं तांड्यात व्हायला नको म्हणून केलं गं. ताट काढलं तर सगळा लगदा! बादल सख्ख्या आईला हसून हसून लोळला. "याडी, तू तं चायनीजची पानकोबी करून टाकली न वं!"

तू मात्र ठसक्यात म्हणालीस, "कायले हासता? मस्त लागून राह्यली." आणि पुन्हा वाढून घेतलीस. त्या दिवसापासून तू मला आवडायला लागलीस. आधी आवडत नव्हतीस, आता सांगायला हरकत नाही.

बादल अपघातात गेला, तू महागावला माहेरी गेलीस, तेव्हापासून ती कढई मी फळीवरून काढलीच नव्हती. आज काढली. या वेळी वर ताट ठेवलं नाही, भाजी कुरकुरीत झाली. यांनी खाल्ली आणि हात धुता धुता म्हणाले, "पायलच्या बापाचा अजून फोन आल्ता. काय सांगू त्याईले?" मी भांडी घासायला उठले.

फोन कशाचा, मला ठाऊक आहे. मारेगावच्या रवीचं स्थळ. मुलगा चांगला आहे, पण तू म्हणालीस म्हणे, याडी हो म्हणेल तरच. पोरी, हे माझ्यावर कशाला टाकलंस? तू दुसऱ्या घरी गेलीस की बादलबद्दल बोलायला मला कोण उरेल? यांच्यापुढे त्याचं नाव काढलं की हे गोठ्यात निघून जातात. म्हणून मी उत्तर टाळत होते.

पण तुझी आई सांगत होती, तू आता चुलीकडे फिरकतही नाहीस, समोर येईल ते दोन घास खातेस. एवढ्या जाळापुढे पदर खोचून उभी राहणारी माझी पोर! ते ऐकलं आणि आज कढई खाली काढली.

हो म्हण. माझं हो आहे.

त्या घरात बादलचं नाव घेता आलं तर घे. नाही घेता आलं तर मला फोन कर, आपण दोघी घेऊ. रडलो तर रडलो.

लग्नात मी तुझ्या आईशेजारी बसणार आहे. तुम्ही नवरीच्या कोण, असं कुणी विचारलंच, तर काय सांगायचं ते मी ठरवलंय. खाली लिहिते.

तुझी याडी