सहासष्टचे इंजिन, तेहतीसचा पाया

ताडकळस
बुधवार, १९ ऑक्टोबर १९९४

प्रिय महादेवी,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहे. तुझ्या अव्वाचा गुडघा दुखतो, पण आई तुझी कुठली ऐकते, बाजाराच्या दिवशी अजून स्वतःच जाते. काल गिरणीचा पट्टा तुटला. सूर्यभानने जोडला, मी नुसता बाजूला उभा राहिलो. त्याने विचारले, "मालक, बरं वाटत न्हाई का? तुमी असताना मी पट्टा जोडायचा म्हंजी लय झालं." मी म्हणालो, ऊन लागले. ऊन कुठले बाई, दसरा होऊन गेला.

तुझा निरोप परवा पोचला. सोमवारी शाळेचे अध्यक्ष दत्तराव तुझ्या क्लासमध्ये येणार, शिवरुद्रकडून शाळेसाठी दहा तयार कॉम्प्युटर घ्यावेत की नाही हे तुला विचारणार. आणि तू ठरवले आहेस की आडपडदा न ठेवता सांगायचे, या पोराच्या मशीनमध्ये प्रोसेसर जोरदार घातलेला असतो, पण खालचा बोर्ड त्याला पेलत नाही. निरोपाच्या शेवटी तू लिहिलेस, "अप्पा, तुमी म्हणत होता तेच सांगते." ते वाचल्यापासून मला घास जात नाही.

माझ्या डोक्यात ही गोष्ट कुठून शिरली ते तुला माहीत आहे. तू तिसरीत होतीस तेव्हा मी गिरणीला वीस हॉर्सपॉवरचे इंजिन आणले आणि दहाच्या जुन्याच पायावर बसवले. दोन महिन्यांत पाया चिरला, इंजिन कलले, सगळ्या ताडकळसने येऊन पाहिले. तेव्हापासून कुठलेही मशीन दिसले की मी आधी खाली पाहतो. म्हणून जूनमध्ये तुझ्या क्लासात शिवरुद्रकडचे ते कॉम्प्युटर आले, तू परीक्षेचा अर्ज विद्यापीठाचे नवे नाव घालून छापून दाखवलास, पोरी टाळ्या वाजवायला लागल्या, आणि मी मात्र विचारले, याचा पाया कसला आहे? तू हसलीस. शिवरुद्र हसला नाही. त्याने चार स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला आणि मला खाली बसवून दाखवले. ही मोठी हिरवी पाटी म्हणजे मदरबोर्ड, सगळे हिच्यावर उभे. हा तळहातात मावेल एवढा चौकोन म्हणजे प्रोसेसर, काम करणारा हा.

पेटीच्या तोंडावर लाल दिव्यात वेगाचा आकडा सहासष्ट होता आणि बोर्डाच्या कागदावर तेहतीस. मी म्हणालो, हे काय रे? सहासष्टचे इंजिन आणि तेहतीसचा पाया? तयार मशीन विकताना दिसणारी वस्तू भारी द्यायची आणि झाकलेली हलकी, असे तर नाही? त्यावर तो म्हणाला, "अप्पा, तुमच्या गिरणीत मोठी पुली सावकाश फिरती, धाकटी तिच्या दुप्पट फिरती. मोठी पुली हलकी असती का? तसंच हाय हे. बोर्ड तेहतीसनंच चालतो, प्रोसेसर आतल्या आत दुप्पट करून घेतो. बनवणाऱ्यानंच ही जोडी ठरवलेली हाय." आणि त्याने बोर्डासोबत आलेले पुस्तक उघडून मला तो तक्ता दाखवला. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. तेहतीससमोर सहासष्ट छापलेले होते.

महादेवी, मला ते समजले होते. पुलीचे गणित मला समजणार नाही तर कोणाला? तरी मी चार महिने तेच पालुपद धरले. क्लासात आलेल्या पालकांना सांगितले, झरीच्या पाहुण्यांना सांगितले. निजामाच्या काळातली माझी चौथी, तीही उर्दूतली. तू एवढी शिकलेली. तुझ्या क्लासात बसून मला काहीतरी कळते असे दाखवायचे, तर माझ्याकडे तेवढी एकच शंका होती. ती मी कशी सोडणार?

मग खंडेनवमी आली. सकाळी तू फुले आणि नारळ आणायला गेलीस, मी क्लासात एकटा होतो. तू आलीस, नारळ फोडलास, बटन दाबलेस. आत चर्र झाले, घाण वास सुटला आणि लाल दिवा गेला. पोरी मागे सरल्या. तू आधी पेटीकडे पाहिलेस, मग माझ्याकडे, आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "अप्पा, तुमचंच खरं होतं." तुझ्या उभ्या जन्मात हे वाक्य तू मला पहिल्यांदा म्हणालीस. मी मान हलवली. मोठ्या समजदार माणसासारखी हलवली.

शिवरुद्र पळत आला. त्याला तू काय काय बोललीस ते मी पुन्हा लिहीत नाही. मोंढ्याच्या बाजारापर्यंत ऐकू गेले असेल. तो खाली बसला, पत्रा काढला, बोर्डावरच्या एका खाचेत बोट फिरवले. बोट वर घेऊन पाहिले. मग त्याने माझ्या कपाळाकडे पाहिले. फार वेळ नाही, पापणी लवेपर्यंत. बोट रुमालाला पुसले आणि तुला म्हणाला, "ताई, बोर्ड गेला. बदलून देतो, माझ्याकडून." तुला वाटले त्याने गुन्हा कबूल केला. संध्याकाळी त्याने अगदी तसलाच तेहतीसचा बोर्ड बसवला, वर तोच सहासष्टचा प्रोसेसर ठेवला, आणि ते आजपर्यंत चालते आहे. हे तू दत्तरावांना सांगणार आहेस का?

शनिवारी मी त्याच्या दुकानात गेलो होतो. तुला कळवले नाही. बोलायचे ठरवून गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, अव्वाच्या गुडघ्याची चौकशी केली. त्याच्या भिंतीवर बसवण्णांची तसबीर आहे, आपल्या घरी आहे तशीच. मी चहा प्यालो आणि उठलो. कठडा धरून जिना उतरायला लागलो. त्याने वरून फक्त एवढे म्हटले, "अप्पा, जपून उतरा."

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. तू फुले आणायला गेलीस तेव्हा मी ते चार स्क्रू काढले. आयुष्यभर खंडेनवमीला मी गिरणीच्या वरच्या पत्र्याला कधी हात लावला नाही, आतल्या जात्याला आणि आसालाच विभूती लावली. राबतो त्याची पूजा करायची, झाकणाची नाही, असे माझ्या बापाने शिकवले. म्हणून वाटीत विभूती पाण्यात कालवली, आधी स्वतःच्या कपाळाला लावली आणि मग प्रोसेसरशेजारी बोर्डावर तीन बोटे ओढली. विभूती पातळ झाली होती, खाली ओघळली. उपरण्याने वरवर टिपली, पत्रा बसवला, आणि तू आल्यावर बटन दाबू दिले. वास सुटला त्याच क्षणी मला कळले होते. पण तू म्हणालीस माझेच खरे होते, आणि मला ते सोडवेना. पुढे मनाला सांगितले, बोललो तर लोक विभूतीला हसतील, देवाला नाव ठेवतील. ते खोटे आहे बाई. मला माझी शरम वाटत होती, देवाची नाही. बोर्ड चांगला होता, त्या प्रोसेसरला पुरून उरणारा होता. जाळला मी, आणि आळ सहा दिवस एका सज्जन पोराच्या डोक्यावर ठेवला. हे पत्र उद्याच्या पहिल्या गाडीने सूर्यभानच्या हाती पाठवतो, म्हणजे सोमवारच्या आत तुला मिळेल. मी स्वतः सोमवारी येतो. दत्तरावांपुढे आणि शिवरुद्रपुढे उभा राहीन. पण माझा भरवसा मलाच नाही. त्याच्या दुकानात काय झाले ते वर लिहिलेच आहे. माझे तोंड उघडले नाही तर तू हे पत्र काढ आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. बाप म्हणून मधला एकही शब्द गाळू नकोस.

तुझाच,
अप्पा