सेच्या इगर्जीत माई दिसली

सर्वण, डिचोली
डिसेंबर १९८८

ती. सौ. सुलोचनामाईस,

धाकट्या देवकीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इंदूरच्या थंडीत भावजींचा खोकला वाढला असेल, त्यांना ओव्याचा शेक दे. आम्ही सगळे बरे आहोत. गोव्याचं राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, तरी तुला लिहायला बसले की हात मराठीच लिहितो. (भांडायचं असलं की मात्र कोकणीच येते. म्हणून हे पत्र फार जपून मराठीत लिहिते आहे.)

गेल्या रविवारी आमच्या महिला मंडळाची सहल निघाली. जुन्या गोव्याच्या इगर्जी (तुमच्या इंदूरकडे चर्च म्हणतात त्या), फोंड्याची साफा मशीद आणि परतताना आपल्या डिचोलीचा नमाजगा. माहिती सांगायला पुरुष हवा असं ठरलं आणि आमचे हे निवडून आले, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. खाणीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं ऐकायला घरात माझ्याशिवाय कुणी नाही. इथे तर मिनीबसभर बायका मिळाल्या. फेरीबोटीत बसल्यापासून जे सुरू झाले ते तिथल्या सगळ्यात मोठ्या, सेच्या इगर्जीच्या दारापर्यंत थांबले नाहीत.

आत मीस, त्यांची रविवारची प्रार्थना, चालू होतं. एवढं उंच छत, समोर सोन्याने मढवलेली भिंत, आणि सगळे एका सुरात गात होते. आमच्या बायका मागे दाराशीच उभ्या राहिल्या. आणि माई, पुढच्या बाकांजवळ मला तू दिसलीस. जांभळं सुती लुगडं, डावा हात कंबरेवर मागे ठेवलेला, मान थोडी कलती. पाठमोरी, पण अगदी तूच. तू इंदूरला आहेस हे मला ठाऊक होतं गं, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. मी मधल्या वाटेने निघाले आणि तोंडातून मोठ्याने हाक गेली, "माई!"

आता गंमत बघ. तिथे माई म्हणजे त्यांची सायबीण माय, मेरीमाता. हिंदू बाई कुंकू लावून येते आणि देवीला एवढ्या कळवळून हाक मारते म्हटल्यावर लोकांनी बाजूला होऊन मला वाट दिली. एका म्हातारीने तर डोळे पुसले. तू पुढे सरकलीस, मी मागे सरकले, आणि कळलं तेव्हा मी प्रसाद घेणाऱ्यांच्या रांगेत पाद्रीबाबांसमोर उभी होते. त्यांनी माझं कुंकू पाहिलं, मंगळसूत्र पाहिलं, किंचित हसले आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देव तुजें बरें करूं."

तेवढ्यात ती बाई वळली. तू नव्हतीस. (नाक तर तुझ्यापेक्षा कितीतरी सरळ.) मला तिथेच हुंदका फुटला. ती दचकली, मग हात धरून मला बाहेर झाडाखाली घेऊन गेली. "कितें जालें गे बाये?" मी सांगितलं. फिलोमेना तिचं नाव. तिचीही थोरली बहीण लग्न होऊन मोंबासाला गेली ती परतलीच नाही. मग काय, मी तुझ्यासाठी आणि ती तिच्यासाठी, दोघी पोटभर रडलो. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं कुणीतरी गेलं. एकजण तर टोपी काढून उभा राहिला. नंतर तिने पिशवीतून उंडो पाव काढला, अर्धा मला दिला, आणि खाता खाता आम्हाला हसू आवरेना.

उठून पाहते तर मिनीबस गेलेली. ह्यांनी डोकी मोजताना स्वतःला दोनदा मोजलं होतं. फिलोमेनाने मला फोंड्याच्या बसमध्ये बसवून दिलं. मशिदीपाशी पोचले तर हे तळीच्या काठावर हात पसरून आदिलशहाबद्दल सांगत होते. मी जाऊन मागे उभी राहिले. मला वाटलं, आता रागावतील, निदान घाबरलेले तरी दिसतील. तर म्हणतात कसे, "देवकी, मागे ऐकू येतंय ना नीट?"

तू असतीस तर अर्ध्या वाटेत बस थांबवली असतीस.

सगळ्याजणी पुढे गेल्यावर मी पायरीवर बसून राहिले. तळीच्या भिंतीतल्या कमानी पाण्यात उलट्या दिसत होत्या. तिथे काय मागायचं असतं ते मला येत नाही, म्हणून इगर्जीत मनात होतं तेच मागितलं. संध्याकाळी नमाजगाच्या टेकडीवर वारा सुटला होता. हे औरंगजेबाच्या मुलापर्यंत पोचले होते. मी खाली डिचोलीच्या रस्त्याकडे बघत होते. तिथेही तेच मागितलं. आता तीन ठिकाणी सांगून ठेवलं आहे, एकाने तरी मनावर घ्यावं.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
देवकी

ता. क. बस चुकल्याचं ह्यांना अजून ठाऊक नाही. सहल उत्तम झाली, एकही बाई हरवली नाही, असं गावभर सांगत आहेत. सांगू देत.

आणखी एक. मे महिन्यात ये. आंबे, फणस, काजूचे बोंडू काय ते सगळं आहे, पण त्यासाठी नको. आई गेली तेव्हा बाराव्याला निघताना तू उंबऱ्यात म्हणालीस, "आता डिचोलीला यायचं ते कुणाकडे?" मी तुझी पिशवी घेऊन शेजारीच उभी होते, माई.