जिलेबीच्या रंगाचं पोट

मंगळवार, संध्याकाळ. उमरगा.

आज हातून वाईट काम झालं. मासे-पाखरांच्या या दुकानात मी दीड महिना टिकलो, माझ्या मानानं लईच. उद्या नळदुर्गला निघून जावं काय? ते नंतर.

मालक आण्णांनी विकायला दोन परदेशी बेडूक आणले होते. दोघांची पाठ हिरवी, पण एकाचं पोट भडक केशरी आणि दुसऱ्याचं फिकट पिवळं. टाकीत वाढलेल्यांचं पोट असं फिकं राहतं. रातकिड्यांना गाजर चारून ते बेडकाला घातले, तर काही महिन्यांत रंग चढतो. मोबाईलवर वाचून मीच मालकाला सांगितलं.

आण्णा म्हणाले, "काही महिने पोसायला तो काय माझा जावई हाय?"

मग मी शेजारच्या हॉटेलातून जिलेबीचा रंग आणला. बोट लावलं की हा बेडूक भिऊन पाठ वाकवतो, पोट दाखवतो. रंगवायला सोपंच गेलं. हा पोटाच्या कातड्यानं पाणी पितो, हेही वाचलं होतं. तरी रंगाचे दोन हात दिले.

दुपारी एक शिक्षिकाबाई जोडी घ्यायला आल्या. डब्यात घालताना त्यानं परत पोट दाखवलं.

"बघा बाई, रामराम करतोय," आण्णा हसले. मीबी हसलो.

बाईंनी मला विचारलं, "पाणी किती ठेवू, सर?"

पाण्यात रंग सुटला असता. म्हणालो, "आठ दिवस कोरडंच ठेवा."

कोरड्यात तो आठ दिवस काढणार न्हाय. बाईंनी वहीत नीट लिहून घेतलं. मला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. लई बरं वाटलं.